उजव्या चित्रातली इमारत

मास्तरांवर जे संकट आलं ते विषय न सुचल्यामुळे आलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत 'फरक ओळखा' काढायचे. शेजारीशेजारी दोन चित्रं, वरवर बघता अगदी सारखी, आणि खाली ओळ : 'या दोन चित्रांत आठ फरक आहेत. शोधा पाहू!' लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, एक चित्र काढायचं आणि तेच पुन्हा चुका करत काढायचं. 'चुका' हा शब्द मास्तरांना खपत नसे. चूक कोणीही करतो, फरक करायला अक्कल लागते, असं ते म्हणत. फरक दिसला पाहिजे, पण पटकन दिसता कामा नये. शिवाय तो जाणूनबुजून केलेला असला पाहिजे. यावर त्यांची बायको, जी बँकेत होती, एवढंच म्हणे, "आमच्याकडे असं जाणूनबुजून केलं की पोलीस येतात."

तर त्या गुरुवारी शाळेला आणि बँकेला सणाची सुट्टी होती, आणि मास्तरांना काही म्हणता काही सुचेना. स्वयंपाकघर झालं होतं, बाग झाली होती, सर्कस झाली होती, मत्स्यालय तर दोनदा झालं होतं. त्यात पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला. "मास्तर, पान चार वाजता जातंय. तुमच्या जागी दंतमंजनाची जाहिरात टाकू का?"

आपली कला आणि दंतमंजन यांची अशी अदलाबदल होऊ शकते हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. ते फळी, कागद आणि पेन घेऊन तडक घराबाहेर पडले आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसले. मान वर केली तर समोर स्वतःचीच इमारत.

हात चालू लागला तो थांबेचना. मास्तरांचा एक गुण होता. डोळ्यांसमोर जे असेल ते त्यांचा हात निमूट कागदावर उतरवत असे, मग डोकं भलतीकडे असलं तरी चालायचं. फाटक आलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत कोर्टातून निवृत्त झालेले काका आले, त्यांच्या तुळतुळीत टकलासकट. दुसऱ्या मजल्यावर इमारतीच्या सेक्रेटरींची बाल्कनी आली, जिला काचा लावून त्यांनी खोली केली होती. तिच्या शेजारी मावशींची खिडकी आणि खिडकीत मावशींचा कुत्रा. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांची स्वतःची बाल्कनी आणि तिथे पट्ट्यापट्ट्यांची चादर झटकणारी बायको. अगदी वर, गच्चीत, सेक्रेटरींनी सामान ठेवायला उभारलेली पत्र्याची खोली. डावं चित्र एका बैठकीत तयार झालं.

उजव्या चित्रात फरक करायला त्यांना मजा आली. सेक्रेटरींच्या काचा काढून बाल्कनी उघडी केली. पत्र्याची खोली उडवली. कुत्रा गायब केला. काकांना भरघोस कुरळे केस दिले. चादर पांढरी केली, फाटक उघडलं, मावशींच्या रिकाम्या कुंडीत फूल लावलं. घाईघाईत बोटांवर मोजणी केली, आठ भरले असं वाटलं, आणि चित्रं पोचवायला मास्तर समोर आलेल्या बसमध्ये चढले.

रविवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी उगाचच घुटमळत राहिले. कोणी तरी म्हणेल, वा मास्तर, काय हुबेहूब उतरवलीत हो इमारत! एवढीच अपेक्षा होती.

पहिल्यांदा मावशी आल्या. "माझा कुत्रा डावीकडे आहे, उजवीकडे कुठे गेला?"

"तो फरक आहे, मावशी."

"फरक म्हणजे? गेला का तो?" मावशींचे डोळे भरून आले. "आणि मी कुठेय? कुत्र्याला घेतलंत, आणि इतकी वर्षं त्या खिडकीत उभी राहणारी मी तुम्हाला दिसले नाही?"

मग काका आले. त्यांना एका कायदेशीर प्रश्नाने ग्रासलं होतं. चित्रात मूळ गोष्ट कोणती आणि फरक कोणता? म्हणजे केस ही मूळ अवस्था धरून टक्कल हा फरक, की टक्कल ही मूळ अवस्था? "कारण पहिलं असेल तर ती बदनामी होते, मास्तर, आणि दुसरं असेल तर थट्टा. दोन्हींची कलमं वेगळी आहेत."

चित्र कसं झालंय याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. मास्तर हिरमुसले होऊन जिना चढणार इतक्यात सेक्रेटरी दाणदाण खाली उतरले. हातात पुरवणी, चेहरा पांढराफटक.

"मास्तर, हे काय करून ठेवलंत?"

"आवडलं?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"आवडलं? अहो, त्या काचांची परवानगी नाही माझ्याकडे! पत्र्याच्या खोलीचीही नाही! आजवर नगरपालिकेत कोणाला पत्ता नव्हता. तुम्ही इमारत आधी कशी होती आणि आता कशी आहे, हे शेजारीशेजारी छापून दिलंत! आणि वर साऱ्या शहराला सांगितलंत, शोधा पाहू!"

मास्तरांनी त्यांना धीर दिला. पुरवणी कोण एवढी निरखून बघतो? बोलून गेल्यावर हे वाक्य आपल्याच पोटावर पाय देणारं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

सोमवारी सकाळी सेक्रेटरींना नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून फोन आला. पलीकडचे साहेब फार गोड बोलत होते आणि त्यामुळेच सेक्रेटरींना घाम फुटला. "पुरवणीत तुमची इमारत बघितली. माझा दातांचा डॉक्टर तुमच्या समोरच बसतो, त्यामुळे लगेच ओळखली. एकदा प्रत्यक्ष बघायला येईन म्हणतो. गुरुवारी सकाळी चालेल? आणि हो, मला सातच फरक सापडले. चित्रकार तिथेच राहतात ना? त्यांनाही थांबायला सांगा."

संध्याकाळी काकांच्या घरी बैठक बसली. सेक्रेटरींचं म्हणणं, मास्तरांनी वर्तमानपत्रात जाहीर माफी मागावी. मावशींचं म्हणणं, साहेबांना चहा द्यावा, चहाने माणूस निवळतो. मास्तरांना कोणी काही विचारलंच नाही. शेवटी काकांनी चष्मा पुसला. आयुष्यभर कोर्टात फायली वाहिल्यामुळे आपल्याला वकिलांपेक्षा जास्त कळतं अशी त्यांची खात्री होती.

"सोपं आहे. साहेबांपुढे दोन चित्रं आहेत. डाव्यात गुन्हा आहे, उजव्यात नाही. गुरुवारपर्यंत आपली इमारत उजव्या चित्रासारखी करून टाकायची. मग डावं चित्र म्हणजे मास्तरांच्या मनाचे खेळ. कलावंत माणूस, काहीही काढतो!"

"म्हणजे काचा काढायच्या?" सेक्रेटरी कळवळले.

"काचा काढायच्या, खोली पाडायची, कुत्रा पाहुणा म्हणून कुठे तरी पाठवायचा, फाटक उघडं, कुंडीत फूल. सगळं तंतोतंत. पुराव्यात एवढासा दोष राहिला की अख्खा पुरावा संशयात येतो."

"आणि तुमचे केस?" मावशींनी विचारलं.

काकांचा हात टकलाकडे गेला. आपला मुद्दा आपल्यावरच उलटण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेच्या नाटकाच्या पेटीतून एक कुरळा टोप आणला. तो राक्षसाच्या भूमिकेसाठी होता हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे दिवस इमारतीत नुसती धावपळ उडाली. चित्र मास्तरांचं, म्हणून देखरेखही त्यांच्याकडे आली. शाळा सुटली की ते पुरवणी घेऊन बसथांब्यावर उभे राहत आणि वर बघून ओरडत, "फाटक अजून थोडं उघडा! मावशी, फूल उजवीकडे झुकलेलं हवं!" सेक्रेटरींच्या काचा उतरल्या, तेव्हा सेक्रेटरी आतल्या खोलीत जाऊन बसले. गच्चीवर पत्रे उपटण्याचं काम चाललं होतं. खोलीत लोखंडी पेट्या होत्या, जुनी कपाटं होती, उरलेल्या फरशा आणि कडक झालेली सिमेंटची पोती होती. हे सगळं खाली आणून ठेवायला कोणाच्याही घरात जागा निघेना. शेवटी सेक्रेटरींनी ते गच्चीच्या पुढच्या कडेला, कठड्याआड आडवं रचून ठेवलं. रस्त्यावरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. त्या कडेखाली मास्तरांची बाल्कनी होती.

"आमच्या डोक्यावर धाडधाड काय चाललंय?" मास्तरांच्या बायकोने जिन्यात सेक्रेटरींना विचारलं.

"सहन करा, वहिनी. हे सगळं तुमच्याच घरातून निघालंय."

ती तडक घरात आली. तिथे तिने भांडी अशी काही आपटत लावली की उत्तर सेक्रेटरींऐवजी मास्तरांना मिळालं.

पण मास्तरांची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. इमारतीत सात फरक दुरुस्त झाले आणि काकांनी विचारलं, "आठवा कोणता?"

आठवा मास्तरांना आठवेना.

"असं कसं? काढलंत कोणी?"

"मीच. पण..."

"साक्षीदार स्वतःच्या साक्षीला ओळखत नाही," काका सुस्कारा टाकून म्हणाले.

मास्तरांनी भिंग लावून दोन्ही चित्रं पिंजून काढली. खिडक्यांचे गज मोजले, जिन्याच्या जाळीतली भोकं मोजली. कागद स्वस्त, शाई फुटलेली, जागोजागी ठिपके आणि ओरखडे. सेक्रेटरी म्हणाले ढगाचा आकार वेगळा आहे. मावशी म्हणाल्या कुत्र्याची सावली राहिली आहे. शेवटी मास्तरांनी मान खाली घालून संपादकबाईंना फोन लावला. मूळ चित्र बघायला मिळेल का? बाई म्हणाल्या, मूळ चित्रं छापखान्याच्या कपाटात असतात, किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत, आणि ते आले तरी अर्जावर व्यवस्थापकांची सही लागते.

"पण मास्तर, तुम्हाला कशाला हवंय? कोडं तर तुमचंच आहे."

"सहज," मास्तर म्हणाले.

"बरं झालं फोन केलात. वाचकांचे फोन येतायत, आठवा फरक सापडत नाही म्हणून. अवघड घातलंय हं या वेळी."

एरवी या कौतुकावर मास्तर आठवडाभर जगले असते.

गुरुवार उजाडला. मास्तरांनी शाळेत पोट बिघडल्याचं कळवलं, आणि ते फार खोटंही नव्हतं. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, कारण चित्रात ती चादर झटकत होती आणि दुसरी कोणी उभी केली तर पुराव्यात दोष राहिला असता. सकाळपासून मास्तर खालून सूचना देत होते. "जरा डावीकडे! आत जा! आता बाहेर ये! चादर वर धर, अजून वर!" ती वर धरत होती. पण तिचा चेहरा तिसऱ्या मजल्यावरूनही वाचता येत होता.

साहेब वेळेवर आले. सडपातळ, शांत, हातात प्लास्टिकच्या पाकिटात नीट कापून ठेवलेलं कोडं. त्यांनी मास्तरांना वाकून नमस्कार केला.

"मी आणि माझी आई दर रविवारी तुमचं कोडं सोडवतो. आई कधी अडत नाही. या वेळी सातवर अडली. तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही."

मग ते रस्ता ओलांडून बसथांब्यावर उभे राहिले. शेजारी मास्तर, मागे सेक्रेटरी आणि मावशी. साहेबांनी चित्र डोळ्यांपुढे धरलं आणि इमारतीकडे बघितलं. पुन्हा चित्र, पुन्हा इमारत.

"उघडी बाल्कनी," साहेब पुटपुटले. "गच्ची मोकळी. फाटक. फूल." त्यांची नजर पहिल्या मजल्यावर आली आणि तिथेच खिळली. खिडकीत राक्षसाचे केस लावून काका ताठ बसले होते. वाऱ्याने टोप एका कानावर सरकला होता आणि हात लावला तर हालचाल दिसेल म्हणून काका तो तसाच राहू देत होते.

साहेबांनी चित्रातले कुरळे केस पुन्हा एकदा बघून घेतले. "छान आहे इमारत," ते शेवटी म्हणाले. "अगदी उजव्या चित्रातली. काचांच्या खिळ्यांची भोकं तेवढी बुजवायची राहिलीत."

सेक्रेटरींनी मावशींचा आधार घेतला.

"ते आपण नंतर बोलू," साहेब म्हणाले. "आधी माझं काम. मास्तर, आठवा कोणता? आईला सांगायचंय."

शाळेत फळ्यासमोर उत्तर न येणारं पोर कसं उभं राहतं, तसे मास्तर उभे राहिले. साहेबांनी खिशातून भिंग काढून डाव्या चित्रावर धरलं.

"मला इथे एक शंका आहे. तुमच्या बाल्कनीवर गच्चीचा पुढे आलेला छज्जा आहे ना, त्याच्या मुळाशी ही वाकडी रेघ आहे. ही छपाईची घाण आहे की तुम्ही काढलीत?"

"घाण मी काढत नाही," मास्तर ताडकन म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना पायाखाली जमीन लागली. "ही पेनाची रेघ आहे. माझी आहे. बघा, सुरुवातीला जाड, शेवटी बारीक."

"उजवीकडे नाही ती."

"नाही. म्हणजे हाच आठवा! उजवीकडे काढायची राहिली!" मास्तर आनंदाने जवळजवळ ओरडलेच. मग त्यांच्या लक्षात आलं की डावं चित्र त्यांनी मनाने काढलेलं नव्हतं. समोर बघून काढलं होतं.

दोघांनीही एकदमच मान वर केली.

छज्ज्याच्या मुळाशी भेग होती. मागच्या गुरुवारी ती एका रेघेएवढी होती. आता तिच्यात बोट गेलं असतं. छज्ज्याची पुढची कड खाली झुकली होती आणि वरून वाळूची बारीक धार गळत होती.

"वर काय ठेवलंय?" साहेबांचा आवाज बदलला.

"काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. मग म्हणाले, "पेट्या. कपाटं. फरशा. सिमेंट."

त्या धारेखाली मास्तरांची बायको पांढरी चादर धरून उभी होती.

"आत जा!" मास्तर किंचाळले.

"आत्ताच तर बाहेर ये म्हणालात!"

"अगं, आत जा! आत!"

"सकाळपासून आत-बाहेर, आत-बाहेर चाललंय!" तिचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला. "मी काय कोंबडी आहे घड्याळातली? आता मी हलणार नाही! तुमच्या चित्रात बाई इथे आहे ना? मग ती इथेच राहणार!"

"बाई, मागे व्हा!" साहेब ओरडले.

"तुम्ही मध्ये पडू नका! हे आमचं घरचं आहे!"

वरून मुठीएवढा गिलावा सुटला आणि चादरीवर आपटला. तिने चादर झटकली, कारण तिला वाटलं गच्चीवर सेक्रेटरींची माणसं अजून काही पाडताहेत. मास्तर रस्त्याच्या मधोमध आले होते, एक गाडी करकचून थांबली होती, चालक शिव्या देत होता. जिना चढून वर जायला वेळ नव्हता. भेग दाखवून समजवायलाही वेळ नव्हता, ती बोट दाखवलं की आधी वाद घालत असे आणि मग बघत असे. तिला तिथून हलवेल अशी एकच गोष्ट जगात होती, आणि लग्न झाल्यापासून ती मास्तरांच्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती.

"माझं चुकलं!" मास्तर ओरडले. "ऐकलंस का? चित्र चुकलंय! माझं चुकलं!"

ती थबकली. चादर खाली आली.

"काय म्हणालात?"

"माझं चुकलं!"

"ऐकू आलं नाही नीट. थांबा तिथेच, मी खाली येते," ती म्हणाली आणि वळून आत गेली.

बाल्कनीचं दार तिच्यामागे लागलं आणि छज्जा खाली आला. एका पेटीचा धप्प असा आवाज झाला, मग कपाट, मग सगळं एकदमच. बाल्कनीचा कठडा मोडला, फरशा आणि सिमेंटची पोती इमारतीच्या पुढच्या अंगणात कोसळली आणि धुळीत फाटकही दिसेनासं झालं. खिडकीतून काकांचा टोप उडून बाहेर पडला आणि त्यांचं टक्कल झटकन आत गेलं. मावशींनी डोळे मिटून घेतले.

मास्तर रस्त्यात तसेच उभे होते. त्यांना फक्त जिन्याचं दार बघायचं होतं, आणि धुळीमुळे तेच दिसत नव्हतं.

मग त्यातून ती आली. केसांवर, खांद्यांवर पांढरी भुकटी, आणि चालण्यात तोच ठसका. खालच्या ढिगाऱ्याला वळसा घालून ती सरळ मास्तरांपुढे येऊन उभी राहिली.

"हं. म्हणा आता परत."

मास्तरांनी तिचा हात धरला, भर रस्त्यात, साहेबांदेखत, आणि दुसऱ्या हाताने वर दाखवलं. या वेळी तिने आधी बघितलं. जिथे ती उभी होती तिथे आता आकाश होतं.

साहेब बाजूला जाऊन फोनवर माणसं बोलावत होते, इमारत रिकामी करा म्हणत होते. मग आणखी एक फोन लावून त्यांनी हळूच सांगितलं, "आई, आठवा सापडला. नाही, आता नाही सांगत, घरी येऊन सांगतो. तू जेवून घे."

मास्तरांच्या बायकोने साहेबांकडून ते कोडं आणि भिंग मागून घेतलं. तिने आजवर नवऱ्याचं एकही कोडं धड बघितलं नव्हतं. रद्दी घालताना जेवढं दिसे तेवढंच. आज तिने डावं चित्र भिंगाखाली धरलं आणि रेघेवरून बोट फिरवलं, जाडीकडून बारकीकडे. रेघेखाली चादर झटकणारी बाई अंगठ्याएवढी होती, पण तिचा ठसकासुद्धा बरोब्बर उतरला होता.

"मघाशी काय म्हणत होतात, चित्र चुकलं म्हणून?"

मास्तरांनी मान हलवली.

"कुठे चुकलंय?" ती म्हणाली. तिचा आवाज आता कुठे कापायला लागला होता. "बरोबर तर काढलंय. अगदी हुबेहूब."

मास्तर मटकन बसथांब्याच्या बाकावर बसले आणि चारचौघांत, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने, डोळे पुसू लागले. सेक्रेटरींना वाटलं, बाल्कनी गेली म्हणून.